रजिस्ट्री झाली पण सातबाऱ्यावर नाव चढत नाही? दर वेळी सर्व्हरच डाऊन नसतो

दिवाळीनंतर कापूस-सोयाबीनचा पैसा हातात आला की आमच्याकडे वावराचे सौदे सुरू होतात, ते थेट मार्चपर्यंत. ३१ मार्चच्या आधीच्या आठवड्यात तर रजिस्ट्री ऑफिससमोरच्या चहावाल्याला उसंत नसते, कारण १ एप्रिलला रेडी रेकनरचे, म्हणजे जमिनीच्या सरकारी किमतीचे, दर वाढतील या धाकानं सगळ्यांनाच आत्ताच उरकायचं असते. मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी ऑनलाइनचं दुकान चालवतो. लोक आधी कागद लिहून देणाऱ्या अर्जनवीसाकडे जातात, मग माझ्याकडे, मग पटवाऱ्याकडे म्हणजे तलाठ्याकडे, आणि फिरून परत माझ्याकडेच. सगळ्यांचं एकच, "भाऊ, सर्व्हर डाऊन हाये म्हणते."

आता सर्व्हर बंद पडत नाही असं मी म्हणत नाही. पडतो, आणि नेमका गर्दीच्या दिवशी पडतो. त्यातून लाइट गेली आणि ऑफिसच्या इन्व्हर्टरनं दम सोडला की बोलायलाच नको. पण एवढी कागदपत्रं डोळ्याखालून गेल्यावर माझं पक्कं मत झालं आहे की अडकलेल्या प्रकरणांत बरीचशी सर्व्हरमुळे अडकलेली नसतात, सातबाऱ्यावर एक लिहिलेलं असते आणि विक्रीपत्राच्या डेटा एंट्रीत दुसरंच टाइप झालेलं असते म्हणून अडकतात. सर्व्हर संध्याकाळपर्यंत नाहीतर दुसऱ्या दिवशी सुरू होतो. चुकीचा डेटा आपोआप कधीच बरोबर होत नाही, तुम्ही सहा महिने वाट पाहा नाहीतर वर्षभर.

ओळखायची खूण सोपी आहे. लाइनीत तुमच्या मागेपुढे जे बसले आहेत त्यांना विचारा. कोणाचंच पुढे सरकत नसेल तर सर्व्हर. त्यांचं झालं, तुमचंच अडलं, तर तुमच्या कागदात काहीतरी आहे आणि घरी जाऊन वाट पाहण्यात अर्थ नाही. फेरफाराचंही, म्हणजे सातबाऱ्यावर नाव बदलायच्या नोंदीचंही, तसंच. तुमच्यानंतर रजिस्ट्री झालेल्या गावातल्या दुसऱ्या माणसाचं नाव चढलं आणि तुमचं नाही चढलं, तर पटवारी "वरूनच आलं नाही" म्हणो की आणखी काही, तुम्ही कागद उघडून बसा.

थोडं मागचं सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. रजिस्ट्री एका खात्याचं काम, नोंदणी व मुद्रांक विभागाचं. सातबारा दुसऱ्या खात्याचा, महसूलचा. रजिस्ट्रीवाले २००२ पासून सरिता या सॉफ्टवेअरवर आणि २०१२ पासून आय-सरितावर काम करतात. इकडे महसूलचं ई-फेरफार हे सॉफ्टवेअर वेगळं, आणि डिजिटल सहीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळायला लागला. शेतजमिनीचं विक्रीपत्र नोंदलं की त्याची माहिती आय-सरितातून ई-फेरफारला जाते, तहसीलमधून पटवाऱ्याच्या लॉगिनला येते, पटवारी फेरफार धरतो, नोटीस काढतो आणि मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो. ऐकायला सरळ आहे. पण दोन्हीकडची माहिती जुळली तरच सरळ, आणि आमच्याकडचे जुने सातबारे हाताचे, ते कॉम्प्युटरवर चढवताना काय काय झालं ते ज्याचं त्याला माहीत.

म्हणून पहिलं काम, स्टॅम्पचे पैसे भरायच्या आधी डिजिटल सहीचा ताजा सातबारा काढा. महाभूमीच्या पोर्टलवर १५ रुपये लागतात. फुकटात पाहायचा मिळतो तो नुसता पाहायपुरता, आणि विकणाऱ्यानं दोन वर्षांआधीची झेरॉक्स दाखवली तर ती बाजूला ठेवा. सोबत ८अ, म्हणजे खातेदाराच्या सगळ्या जमिनीचा उतारा, पण काढा. आणि काढून घडी करून खिशात घालू नका, वाचा. विकणाऱ्यालाही समोर बसवून वाचा.

सगळ्यात आधी नजर टाका ती "प्रलंबित फेरफार" या ओळीवर. नवीन नमुन्याच्या सातबाऱ्यावर ती असते, आणि शेवटचा फेरफार क्रमांक व तारीखही असते. तिथं "नाही" असेल तर बरं. एखादा नंबर दिसत असेल तर त्या गटावर आधीचंच काहीतरी अर्धवट पडलेलं आहे, कदाचित विकणाऱ्याची स्वतःची खरेदी, कदाचित वारस, कदाचित बँकेचा बोजा. ते पूर्ण झाल्याशिवाय तुमचा फेरफार सुरळीत जाईल अशी आशा धरू नका. रजिस्ट्री होऊन जाईल, पैसे देऊन जाल, आणि मग तुमचा फेरफार आधीच्या फेरफारामागे बसून राहील.

दुसरं म्हणजे आराजी, म्हणजे जमिनीचं क्षेत्रफळ, आणि इथंच सगळ्यात जास्त लोक फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आपण बोलतो एकरात, सातबारा बोलतो हेक्टर-आरमध्ये. समजा दोन भाऊ आहेत, गट १ हेक्टर ६२ आरचा, म्हणजे बोलण्यात चार एकर, प्रत्येकाच्या नावानं ०.८१. त्यातही लागवडीयोग्य ०.७७ आणि पोटखराब, म्हणजे लागवडीला न येणारं, ०.०४, कारण मधून नाला जाते. आता एक भाऊ आपला हिस्सा विकतो. सौदा तोंडी झाला "दोन एकर". टाइप करणारा काय करतो, एकराचे ४० आर धरतो आणि ०.८० लिहून मोकळा होतो. अर्धा पेला चहा थंड व्हायच्या आत कागद तयार. आता तो एक आर कोणाचा? विक्रीपत्रानुसार तो अजून विकणाऱ्याचाच. फेरफार धरताना पटवाऱ्यापुढे दोनच रस्ते, एक तर विकणाऱ्याचं नाव एका आरासाठी सातबाऱ्यावर तसंच ठेवायचं, नाहीतर प्रकरण बाजूला ठेवायचं. पहिलं झालं तर पुढे पीक कर्ज असो, अनुदान असो की पुढची विक्री असो, त्या एका आराचा काटा निघता निघत नाही. दुसरा प्रकार याच्या उलट, विक्रीपत्रात नुसतं लागवडीयोग्य ०.७७ लिहितात आणि पोटखराब सोडून देतात, मग ते ०.०४ लटकते. उपाय एकच, सातबाऱ्यावर जो आकडा आहे, पोटखराबासकट, तोच आकडा तसाच्या तसा. एकर कंसात लिहायचा असेल तर लिहा, पण हेक्टर-आर सातबाऱ्यावरूनच उतरवा, गणित करू नका.

तुकडा विकत असाल तर आणखी एक गोष्ट पाहा. २०२३ पासून आमच्या जिल्ह्यात जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे कमीत कमी क्षेत्र, आहे. त्याच्या खालच्या तुकड्याचं विक्रीपत्र करायला गेलात की तुकडेबंदी, म्हणजे जमिनीचे लहान तुकडे पाडायला बंदी घालणारा कायदा, आडवी येते. हा कायदा १९४७ चा आहे, सॉफ्टवेअरचा काही संबंध नाही, तरी लोक बाहेर येऊन सर्व्हरलाच शिव्या देतात.

मग नाव. जुन्या सातबाऱ्यावर "पुंडलिक वल्द गणपत", आधारवर इंग्रजीतून उलटं मराठीत आलेलं "पुंडलीक गणपतराव", आणि निवडणूक कार्डावर आडनावाचं तिसरंच स्पेलिंग. पब्लिक डेटा एंट्री, म्हणजे रजिस्ट्रीची माहिती आधी ऑनलाइन भरायचं काम, करताना बहुतेक जण आधार समोर ठेवतात आणि त्यावरचं नाव टाकतात. विकणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर आहे तसंच टाका. आधारवरचं नाव वेगळं असेल तर विक्रीपत्रातच लिहा की दोन्ही नावं एकाच इसमाची आहेत, आणि सोबत तसं शपथपत्र जोडा. फरक फारच असेल, म्हणजे बापाचंच नाव वेगळं, तर आधी सातबारा दुरुस्त करून घ्या आणि मगच रजिस्ट्री. घेणाऱ्याचं नाव मात्र आधारप्रमाणे ठेवा, कारण उद्या तेच नाव सातबाऱ्यावर चढणार आणि पीएम किसानपासून पीक विम्यापर्यंत सगळं आधारशीच जुळवून पाहतात.

खाते क्रमांकही पाहा. सामाईक खाते असेल आणि एकच भाऊ विकत असेल तर त्याच्या नावासमोर स्वतंत्र आराजी आहे का ते बघा. नसेल तर किती विकलं ते ई-फेरफारला कळणार कसं?

बाप वारला आहे, सातबारा अजून त्याच्याच नावावर, आणि पोरं विकायला तयार, हे तर गावागावात आहे. आधी वारस. घरबसल्या ई-हक्क प्रणालीतून अर्ज करता येतो. बोजाचंही तिथूनच, चढवायचा असो की कमी करायचा. सोसायटीचं नाहीतर बँकेचं कर्ज पाच वर्षांआधी फेडलं पण "इतर हक्क" मध्ये बोजा तसाच दिसते अशी कितीतरी खाती आहेत. निल दाखला, म्हणजे कर्ज बाकी नसल्याचा दाखला, घ्या, ई-हक्कवर बोजा कमी करायचा अर्ज टाका आणि मगच सौद्याची तारीख धरा. आणि भोगवटादार वर्ग २, म्हणजे सरकारी अटी असलेली जमीन, दिसला तर थांबाच. तिथं परवानगीशिवाय पुढचं काहीच नाही, अर्जनवीस कितीही म्हणो, "होते जी, तुमी टेन्शन नका घेऊ."

आता पैसे भरायचं. स्टॅम्प आणि नोंदणी फी ग्रासवर, म्हणजे सरकारी पैसे भरायच्या साइटवर, भरतात. नोंदणी फी किमतीच्या १ टक्का, जास्तीत जास्त ३०,०००. त्याशिवाय दस्त हाताळणी शुल्क पानामागे लागते, ते वेगळं भरायचं असते, त्याचा नंबरही वेगळा, आणि तेच लोक विसरतात. मग ऑफिसात उभ्या उभ्या मोबाइलवरून भरायला जातात, रेंज नसते, पुढचा सगळा तमाशा तुम्हाला माहीतच आहे.

खात्यातून पैसे गेले पण चलन आलं नाही, हा फोन मला हंगामात रोज येते. घाबरून दुसऱ्यांदा भरू नका. जीआरएन, म्हणजे चलनाचा नंबर, मिळाला असेल तर ग्रासच्या साइटवर चलन शोधा, बँकेकडून पैसे पोहोचायला वेळ लागला असेल तर दुसऱ्या दिवशी तेच चलन तयार दिसते. जीआरएनच मिळाला नसेल तर बँकेचं स्टेटमेंट काढा, त्यात व्यवहाराचा नंबर असते, तो घेऊन बँकेत जा. आणि चलनात जिल्हा आणि दुय्यम निबंधक कार्यालय बरोबर निवडलं का ते भरायच्या आधी पाहा, घाईत शेजारच्या तालुक्याचं निवडलेलं चलन घेऊन येणारेही आहेत. सौदाच मोडला आणि चलन वापरलंच नाही, तर परताव्याचा अर्ज करता येतो, पण सहा महिन्यांच्या आत. एकदा ऑफिसनं चलन डिफेस केलं म्हणजे ते वापरलं गेलं, ते परत चालत नाही.

रजिस्ट्रीच्या दिवशीचं. ई-स्टेप इनवर, म्हणजे रजिस्ट्रीची वेळ ठरवायच्या साइटवर, टोकन घ्या आणि सकाळचं घ्या, दुपारी लाइट आणि लाइन दोन्हीचा भरवसा कमी. मोबाइल नंबर आधारला जोडलेला तोच सोबत ठेवा. म्हातारी माणसं पोराच्या जुन्या नंबरवर आधार काढून बसलेली असतात, आणि पोरगा पुण्याला कंपनीत शिफ्टवर, फोन उचलत नाही.

अंगठा न उमटणं, हे एक वेगळंच दुखणं. कापूस वेचून वेचून, निंदण करून बायांच्या बोटांच्या रेषाच झिजून जातात. मशीनवर अंगठा ठेवते ती बाई, लाल लाइट. पुन्हा ठेवते, पुन्हा लाल. मागचे कुरकुर करतात आणि ती बिचारी पदराला हात पुसत राहते, जणू तिचीच चूक. इथं ऑपरेटरला शांतपणे सांगा की दुसरी बोटं घेऊन पाहा. हात साबणानं धुऊन कोरडे केले, बोट दाबून न धरता सपाट ठेवलं तर बऱ्याचदा जमते. आधारनं ओळख पटत नसेल तर ओळख पटवणारे दोन इसम चालतात, त्यांची ओळखपत्रं मात्र अस्सल लागतात, झेरॉक्स नाही. म्हणून वयस्कर माणूस असेल तर दोन ओळखदार पहिल्यापासूनच सोबत न्या, तिथं गेल्यावर चहाटपरीवरून कोणाला तरी पकडून आणू नका, उद्या वाद झाला तर तोच माणूस कोर्टात उभा राहायचा आहे. माणूस अंथरुणालाच खिळलेला असेल तर गृहभेटीची सोय कायद्यात आहे, अर्ज द्यावा लागते.

आणि खरोखरच सर्व्हर बंद असला तर? सही केलेला कागद हातात घेऊन लोक कासावीस होतात, आता स्टॅम्प वाया गेला, सगळं गेलं. नाही जात. सही झाल्यापासून दस्त नोंदणीला सादर करायला चार महिन्यांची मुदत असते, १९०८ च्या नोंदणी कायद्यानं. त्यानंतरही आणखी चार महिने मिळतात, पण दंड लागते. म्हणजे आज नाही झालं तर उद्या या. फक्त पूर्ण पैसे विकणाऱ्याच्या हातात देऊन घरी जाऊ नका. चेक असेल तर नोंदणी झाल्यावर द्या.

आता नोंदणी झाली, सूची क्रमांक २, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, हातात आली. ती तिथंच वाचा. गट नंबर, आराजी, दोन्हीकडची नावं, मौजा. खिडकीवरून हलायच्या आधी. चूक तिथंच दिसली तर निदान विकणारा समोर उभा असते. नंतर दिसली तर चूक दुरुस्ती पत्र करावं लागते आणि त्यासाठी दोन्ही बाजूंना पुन्हा यावं लागते, आणि पैसे मिळालेला माणूस दुसऱ्यांदा यायला किती उत्सुक असते ते तुम्ही जाणता.

यानंतर फेरफार. "पटवारी नाव लावून नाही राह्यला" असं नुसतं म्हणून काही होत नाही, नेमकं कुठं अडलं ते शोधा. आपली चावडीच्या पोर्टलवर जिल्हा, तालुका, गाव टाकलं की गावातल्या फेरफारांच्या नोटिसा दिसतात, त्याला पैसे लागत नाहीत. तुमचा गट तिथं दिसतच नसेल तर प्रकरण पटवाऱ्याकडे पोहोचलं नाही नाहीतर त्यानं अजून धरलं नाही. अशा वेळी सूची २ आणि विक्रीपत्राची प्रत जोडून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जावर ग्राम महसूल अधिकारी लिहा, आता पदाचं नाव तेच आहे. एक प्रत तहसीलला. जमीन महसूल संहितेचं कलम १५४ लिहा, त्यात नोंदणी झालेल्या दस्ताची माहिती तलाठ्याकडे पाठवायचं काम सरकारी अधिकाऱ्यावरच टाकलं आहे, तुम्ही कागद घेऊन हिंडावं असं त्यात नाही.

फेरफार नंबर पडला असेल तर नमुना ९ ची नोटीस निघते आणि हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. या १५ दिवसांत काही होणार नाही, उगाच पटवाऱ्याच्या दारात गाडी लावू नका. पण ही नोटीस सगळ्या हितसंबंधितांना पोहोचली असली पाहिजे, आणि अर्धी प्रकरणं इथं लोळतात, कारण सहहिस्सेदार बहीण चंद्रपूरला दिली, भाऊ सुरतला कामाला, नोटीस बजावली कोणावर? त्यांचे आताचे पत्ते तुम्हीच आधी काढून पटवाऱ्याला द्या. खूप दिवस वाचतात.

१५ दिवस होऊन गेले, हरकत नाही, तरी मंडळ अधिकाऱ्याकडे पडून आहे, असं असेल तर कारण लेखी मागा. तोंडी सांगतात, "त्याच्या भावाची तक्रार हाये." तक्रार असेल तर ती लेखी असते, तिची नोंद तक्रारी नोंदवहीत म्हणजे गाव नमुना ६अ मध्ये होते आणि सुनावणीची तारीख पडते. भावानं पारावर बसून बोंब मारली म्हणजे हरकत होत नाही. नोंदवहीत नोंद नसेल तर हे बोलून दाखवा, शांतपणे, आवाज न चढवता. आवाज चढवला की फाइल खाली जाते, हा आमच्याकडचा अनुभव आहे.

फेरफार नामंजूर झाला तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील, ६० दिवसांत. तिथं मात्र वकील धरा, माझ्यासारख्या दुकानवाल्याच्या भरवशावर राहू नका.

आणि मंजूर झाला तरी पुन्हा १५ रुपये घाला आणि नवा सातबारा काढून आकडे ताडून पाहा. नाव, आराजी, पोटखराब, खाते क्रमांक, आणि विकणाऱ्याचं नाव कमी झालं की नाही. विक्रीपत्रात बरोबर आणि सातबाऱ्यावर चढवताना चूक, असं असेल तर ती लेखनप्रमादाची चूक, कलम १५५ खाली तहसीलदार दुरुस्त करू शकतात, विकणाऱ्याला बोलवायची गरज पडत नाही. अर्जाला विक्रीपत्र, सूची २, फेरफाराची प्रत आणि चूक असलेला सातबारा जोडा, चुकीच्या आकड्याला पेनानं गोल करा आणि शेजारी बरोबर आकडा लिहा. फाइल पाहणाऱ्याकडे दहा-पंधरा पानं वाचत बसायला वेळ नसते, गोल केलेलं लगेच दिसते. हा अर्ज मार्चमध्ये देऊ नका जमलं तर, तहसीलमध्ये तेव्हा वसुलीची धांदल असते. पेरणीच्या आधी, मे महिन्यात द्या, म्हणजे पीक कर्जाच्या वेळेला सातबारा नीट झालेला असेल.